संपादक आगरकर : मत कोणाचे आणि जबाबदारी कोणाची

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका महाविद्यालयात १४ जुलैला, गोपाळ गणेश आगरकरांच्या जयंतीनिमित्त, आपल्याला पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायचे आहे. आपण स्वतः एका दैनिकाचे तालुका बातमीदार आहात. आगरकरांविषयी जे वाचायला मिळते त्यात समाजसुधारक आगरकरच सर्वत्र दिसतात. वृत्तपत्राचा संपादक म्हणून त्यांची कारकीर्द नेमकी काय होती, ‘केसरी’ त्यांनी का सोडला आणि आज जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला त्या कारकीर्दीचा काही उपयोग आहे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या आवृत्त्यांच्या डेस्कवर, आणि पुढे संपादकाच्या खुर्चीत, माझी बहुतेक नोकरी झाली असल्यामुळे मी उत्तरही त्याच बाजूने देतो. समाजसुधारक आगरकरांवर बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसे पुष्कळ आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. टिळक आणि आगरकर यांच्यातील वाद शाळेपासून आपल्याला ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या एका वाक्यात शिकवला जातो. ते चूक नाही, पण ते वाचकाच्या बाजूने पाहिलेले चित्र आहे. संपादकाच्या खुर्चीतून पाहिले तर आगरकरांची सगळी कारकीर्द दुसऱ्याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते. पत्रात छापलेल्या मताची जबाबदारी कोणाची, आणि ते मत काय असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न. १८८२ मध्ये जबाबदारी अंगावर आली तेव्हा ते तुरुंगात गेले. १८८७ मध्ये जबाबदारी आपली आणि अधिकार मात्र सगळ्या मंडळीचा अशी स्थिती असह्य झाली तेव्हा ते बाहेर पडले. १८८८ पासून अखेरपर्यंत त्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे, म्हणजे स्वतःकडे, ठेवल्या आणि त्याची किंमत मोजली.

जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभूचा. (टेंभू म्हटले की आज आटपाडी-खानापूरच्या शेतकऱ्याला उपसा सिंचन योजना आठवते, संपादक आठवत नाही. त्यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणणार नाही.) घरची परिस्थिती इतकी ओढगस्तीची होती की शिक्षण एका गावात सलग होऊ शकले नाही. कराड, रत्नागिरी आणि अकोला असे ते तुकड्यातुकड्यांनी झाले, आणि मध्ये कराडच्या कचेरीत उमेदवारीही करावी लागली. अकोल्याला विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे मुख्याध्यापक भेटले आणि ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रात लिहिण्याची संधी मिळाली. विद्यार्थ्यांना हा भाग आवर्जून सांगावा, कारण चरित्रांतून तो एका ओळीत उरकला जातो. आगरकर पुण्यात येऊन पत्रकार झाले नाहीत. पुण्यात येण्यापूर्वीच एका प्रांतीय पत्रासाठी, चार पैशांच्या गरजेपोटी, ठरल्या दिवशी मजकूर देण्याची सवय त्यांच्या हाताला लागली होती. जिल्ह्याच्या पत्रात ज्याने असे लेखन केले आहे त्याला त्या सवयीचे मोल कळेल.

डेक्कन कॉलेजात १८७८ मध्ये बी. ए. आणि १८८० मध्ये इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा राजमार्ग मोकळा होता. तो सोडून पोटापुरत्या पैशावर समाधान मानणार असे आईला कळवणारे त्यांचे पत्र प्रसिद्धच आहे, म्हणून त्यावर मी थांबत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते १८८१ पासून शिकवू लागले, आणि १८८१ च्याच जानेवारीत या मंडळीने दोन साप्ताहिके काढली. २ जानेवारीला इंग्रजी ‘मराठा’ आणि ४ जानेवारीला मराठी ‘केसरी’. ‘मराठा’ टिळकांकडे आणि ‘केसरी’ आगरकरांकडे अशी वाटणी झाली. टिळक म्हणजे ‘केसरी’ हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की ‘केसरी’चा पहिला संपादक टेंभूचा होता हे ऐकून कराडच्या विद्यार्थ्यांनासुद्धा आश्चर्य वाटते. सुमारे पावणेसात वर्षे ते काम त्यांच्याकडे होते.

त्या वेळी देशी भाषांतील पत्रांवर व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८ चा मुद्रणनिर्बंध कायदा लागू होता आणि इंग्रजी पत्रे त्यातून वगळलेली होती. म्हणजे एकाच छापखान्यातून निघणाऱ्या दोन भावंडांपैकी ‘मराठा’ मोकळा होता आणि ‘केसरी’वर टांगती तलवार होती. हा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. पण पहिले वर्षभर आगरकरांनी संपादन केले ते त्याच्या छायेत. ‘केसरी’च्या जाहीरनाम्यात वर्तमानपत्राचा उपयोग सांगताना रस्त्यावरच्या दिव्यांची आणि रात्रीच्या पोलीस गस्तीची उपमा दिली आहे. लेखणी सदोदित चालू असली की अधिकाऱ्यांवर तसाच वचक राहतो, असा तिचा आशय. ही भाषा नगरपालिकेच्या बातमीदाराला समजणारी आहे. ज्या पत्राची आठवण आपण राष्ट्रीय चळवळीचे पत्र म्हणून ठेवली आहे, त्याच्या पहिल्या संकल्पात रस्त्यावरचा दिवा होता, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आता कोल्हापूर प्रकरण. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यात आहे.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी हे वयाने लहान होते. त्यांना वेडसर ठरवून छळले जात आहे अशी बोलवा होती आणि संस्थानचा कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. बर्व्यांवर ठपका ठेवणारी काही पत्रे पुण्याच्या या मंडळीच्या हाती पडली. ती खुद्द बर्व्यांनीच लिहिलेली आहेत असे भासवलेले होते आणि त्यांवरून महाराजांविरुद्ध कट असल्याचा अर्थ निघत होता. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्या आधारे लिहिले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद केली, प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले, आणि तिथे ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी माफीही मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पूर्ण होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. खटला चालू असतानाच, मार्चमध्ये, चिपळूणकरांचा मृत्यू झाला होता, त्यामुळे ज्या वडीलधाऱ्याच्या आधाराने हा संसार मांडला तोही आता नव्हता. डोंगरीच्या तुरुंगातून २६ ऑक्टोबरला, १०१ दिवसांनी, सुटका झाली.

या शिक्षेचे वर्णन आपल्याकडे बहुधा देशभक्तीचा पहिला तुरुंगवास असे केले जाते. भाषणात ते वाक्य टाळ्या घेईल. वृत्तपत्राच्या धंद्यातल्या माणसाने मात्र खटल्याकडे कागदाच्या अंगाने पाहिले पाहिजे. संपादकांचा संशय निराधार होता असे म्हणता येत नाही. सुटकेनंतर जेमतेम चौदा महिन्यांनी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, हे तरुण महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. त्यांच्या जिवाविषयी चिंता करणारे लोक वेडे नव्हते, हे यावरून दिसते. तरीही कोर्टापुढचा मुद्दा महाराजांचे हाल होतात की नाही हा नव्हता. अमुक पत्र अमुक माणसाने लिहिले असे तुम्ही छापले, ते त्याने लिहिले होते काय, एवढाच मुद्दा होता. व्यापक गोष्ट खरी असली म्हणून तिच्या समर्थनार्थ हाती आलेला प्रत्येक कागद खरा ठरत नाही. उलट, ज्या गोष्टीवर संपादकाचा आधीच विश्वास बसलेला असतो, तिच्या बाजूचा कागद तो सर्वांत कमी तपासतो, आणि बनावट कागद करणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

साताऱ्या-सांगलीत हे रोजचे आहे. साखर कारखान्याची किंवा जिल्हा बँकेची निवडणूक लागली की बातमीदाराच्या हाती झेरॉक्स प्रती येऊ लागतात. संचालकाचे पत्र, लेखापरीक्षणाच्या अहवालाचे एखादेच पान, कधी कोणाच्या सहीचा ठराव. हल्ली ते मोबाइलवर फोटो म्हणून येतात, आणि फोटोला मागची बाजू नसते. माझ्या डेस्कवर मी काही गोष्टी धरून बसत असे. कागदावर जावक क्रमांक आणि तारीख आहे का, आणि असल्यास त्या कार्यालयाच्या जावक नोंदवहीशी ती जुळते का. प्रमाणित प्रत मागितली आहे का. ज्याच्या नावाने कागद आहे त्याला छापण्यापूर्वी तो दाखवून त्याचे म्हणणे घेतले आहे का. आणि कागद देणाऱ्याचा त्यात हितसंबंध कोणता आहे. तिसरी गोष्ट बातमीदारांना सर्वांत नकोशी वाटते, कारण समोरचा माणूस मालकांना फोन करील आणि बातमी थांबेल अशी भीती असते. ती भीती खोटी नाही. परंतु बर्व्यांना ती पत्रे आधी दाखवली असती, तर छापण्यापूर्वीच निदान त्यांचा इन्कार हाती आला असता आणि संपादकांना पुन्हा तपासाकडे वळावे लागले असते.

कायद्याची चौकट त्या काळापासून फारशी हललेली नाही, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. अब्रुनुकसानीचा गुन्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९ आणि ५०० मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे, आणि दोन वर्षांपर्यंतची साधी कैद तशीच आहे. समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय तेवढा नवा. ‘छापले ते खरे आहे’ एवढा बचाव तेव्हाही पुरत नव्हता आणि आजही पुरत नाही. ते खरे आहे आणि ते प्रसिद्ध होणे लोकहिताचे आहे, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

या प्रकरणातला आणखी एक धागा सातारकरांनी सोडू नये. जामिनाची तजवीज करण्यात जोतीराव फुले पुढे होते, आणि त्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे यांनी जामीन दिला. फुले यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. ज्या चिपळूणकरांनी फुल्यांवर अत्यंत बोचरी टीका केली होती त्यांच्याच मंडळीच्या पत्रासाठी फुले धावून गेले, कारण कोल्हापूरच्या गादीचा प्रश्न होता आणि छापण्याच्या स्वातंत्र्याचाही होता. सुटकेनंतरच्या सत्कारातही सत्यशोधक मंडळी पुढे होती.

तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे छोटे पुस्तक लिहिले. ते मिळवून वाचा. त्यात हौतात्म्याचा आव नाही. कोठडी, अन्न, पहारेकरी आणि दोन मित्रांच्या रात्री रंगणाऱ्या, पहारेकऱ्यांना दटावावे लागेल इतक्या मोठ्या आवाजातल्या चर्चा, असा तो साधा वृत्तांत आहे. मराठीत स्वतः अनुभवलेल्या घटनेचे वार्तांकन कसे करावे याचा इतका जुना आणि इतका संयमी नमुना मला दुसरा माहीत नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे भाषांतरही १८८३ मध्ये, म्हणजे सुटकेनंतर लगेच, प्रसिद्ध झाले.

दुसरा प्रश्न ‘केसरी’ सोडण्याचा. इथे एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल, ती म्हणजे त्या काळचा अग्रलेख निनावी असे. आजही अग्रलेखाखाली नाव नसते. तो पत्राचा आवाज मानला जातो. पण आज त्या आवाजामागे एक मालक असतो आणि त्याने नेमलेला एक संपादक असतो. ‘केसरी’ मंडळीचा होता. चिपळूणकर, टिळक, आगरकर, माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे, डॉ. गर्दे अशा सहकाऱ्यांनी तो मिळून काढला होता. शाळा त्यांचीच, छापखानाही त्यांचाच. संपादक म्हणून आगरकर काम पाहत होते, परंतु त्यांनी लिहिलेले मत छापून आले की ते सर्वांचे मत ठरे. राजकारण, शिक्षण, संस्थाने यांवर मतभेद नव्हते तोवर या व्यवस्थेत काही अडचण आली नाही. १८८४ मध्ये मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे प्रसिद्ध केली, त्याच सुमारास बालपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला उभा राहिला, आणि सामाजिक बाबतींत सरकारने कायदा करावा की नाही हा प्रश्न दर आठवड्याला पत्रात येऊ लागला. अशा विषयावर मंडळीचे एक मत होणे शक्यच नव्हते. आगरकरांना कायदा हवा होता. टिळकांना परकी सरकारने या बाबतीत हात घालणे मान्य नव्हते. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, पण अग्रलेखाची जागा एकच होती.

त्याच्या जोडीला शाळा-कॉलेजातले मतभेद होते. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाल्यावर आजीव सदस्यांच्या वेतनावरून, त्यागाच्या व्याख्येवरून कुरबुरी वाढल्या. ज्यांच्याशी सकाळी सोसायटीच्या बैठकीत वाद घालायचा त्यांच्याच वतीने दुपारी अग्रलेख लिहायचा, ही कसरत किती काळ चालणार? १८८७ च्या ऑक्टोबरात ‘केसरी’ टिळकांकडे गेला आणि आगरकरांचा त्याच्याशी संबंध संपला.

हा राजीनामा मला मतभेदापेक्षा व्यवसायनिष्ठेची कृती वाटतो. त्यांना तिथे राहता आले असते. मंडळीतले बरेच जण सामाजिक विषयांवर मवाळ लिहा म्हणाले असते, आणि आगरकरांनी शिक्षण व अर्थकारण यांवर लिहीत दिवस काढले असते. पगारी संपादक असे करतातच. मीही अनेकांना तसे करताना पाहिले आहे, आणि घर चालवणाऱ्या माणसाला त्याबद्दल नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्या मतासाठी आपण जबाबदार आहोत ते मत आपले नसेल, तर ते पत्रच आपले नव्हे, असा निष्कर्ष आगरकरांनी काढला आणि वर्षभर ते पत्राविना राहिले.

त्या मधल्या काळात त्यांनी काय केले हे कोणी विचारत नाही. १८८८ मध्ये त्यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे व्याकरणावरचे पुस्तक आले. एका पत्रातून बाहेर पडून दुसरे काढण्याच्या बेतात असलेला संपादक मराठी वाक्याची रचना उलगडून दाखवतो, ही मला त्यांच्या चरित्रातली फार बोलकी नोंद वाटते. ‘सुधारक’मधली त्यांची लांबच लांब वाक्ये वाचा. पाच-सहा पोटवाक्ये असतात, पण कर्ता कुठे हरवत नाही आणि शेवटचे क्रियापद आले की सगळा भार नेमका त्यावर पडतो. आमच्याकडे नव्या उपसंपादकाला ‘वाक्य छोटे लिही’ एवढेच शिकवले जाते. सल्ला सोयीचा आहे, पण युक्तिवाद करायचा असेल तर लांब वाक्य पेलता आले पाहिजे, आणि ते पेलायचे कसे हे आगरकरांकडून शिकावे.

‘सुधारक’ १५ ऑक्टोबर १८८८ रोजी निघाला. मराठी मजकूर आगरकरांचा आणि इंग्रजी मजकूर गोपाळ कृष्ण गोखले यांचा; गोखले तेव्हा बावीस वर्षांचे होते. ‘इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार’ हे त्यांचे वाक्य भिंतीवर लावण्यापुरते उरले आहे. ते नीट वाचले तर त्यात संपादकीय धोरण आहे. बोलण्याची मर्यादा इष्टाने ठरेल आणि करण्याची शक्याने. पत्राचे काम बोलण्याचे, म्हणून पत्रात तडजोड नाही. संस्था चालवताना, संसार करताना जेवढे जमेल तेवढे करू. ही विभागणी ज्यांना समजत नाही ते आगरकरांवर ‘लिहिले तेवढे केले नाही’ असा आरोप करतात. तो आरोप त्यांनी स्वतःच पहिल्यापासून गृहीत धरला होता.

‘सुधारक’मध्ये त्यांनी विषय कसे निवडले हे पाहण्यासारखे आहे. विवाहाचे वय, केशवपन, स्त्रीशिक्षण हे तर होतेच, पण सोवळ्याची मीमांसा, स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, प्रेतसंस्कारांतला मूर्खपणा, अशा घरातल्या, अंगावरच्या, स्वयंपाकघरातल्या गोष्टींवर त्यांनी अग्रलेखाच्या गांभीर्याने लिहिले. वाचक चिडला तो यामुळेच. संमतिवयाच्या विधेयकावर मतभेद सहन होतो. आपल्या घरच्या सोवळ्यावर कोणी तर्कशास्त्र लावले की सहन होत नाही. त्यांची पद्धतही ठरलेली होती. आधी विरोधकाचे म्हणणे त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडायचे, मग त्याच्या प्रत्येक आधाराला एकेक प्रश्न विचारायचा, आणि शेवटी उपहासाचा एक फटका. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे संस्कार त्यामागे दिसतात. पण उदाहरणे पुण्याच्या वाड्यातली आहेत, इंग्लंडची क्वचित.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा हा या दोन पत्रांच्या संघर्षाचा कळस. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्यापुरता तो होता, एवढेच ऐकले की आजचे विद्यार्थी चमकतात. टिळकांनी डिसेंबर १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती, त्यामुळे आता दोन पत्रे, दोन गट आणि मध्ये जुनी मैत्री अशी अवस्था झाली. ‘केसरी’ने विरोध केला, ‘सुधारक’ने बाजू घेतली. या काळात दोन्हीकडून जे लिहिले गेले त्यातले काही व्यक्तिगत आणि कडवट आहे, आणि आगरकर त्यात मागे नव्हते. त्यांची पूजा करताना हे झाकू नये. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली आणि ती त्यांच्या घरावरून नेण्यात आली. आज समाजमाध्यमांवर बातमीदाराला शिव्या देतात त्याला आपण ट्रोलिंग म्हणतो. त्या काळी ते काम तिरडी बांधून, रस्त्याने चालत जाऊन करावे लागे.

आगरकर सरकारधार्जिणे होते हा समज मात्र लेख न वाचल्यामुळे टिकून आहे. देशाच्या दारिद्र्यावर, परकी सत्तेकडून होणाऱ्या लुटीवर त्यांनी ‘केसरी’त आणि ‘सुधारक’मध्येही कडक लिहिले आहे. सामाजिक कायद्याला पाठिंबा आणि आर्थिक धोरणावर टीका या दोन गोष्टी एका माणसाला एकाच वेळी करता येतात, एवढे त्यांच्या वाचकांनी मान्य केले नाही. आजही करीत नाहीत.

त्यांच्या मर्यादेबद्दलही बोला. ‘सुधारक’चा वाचक शहरातला, पांढरपेशा, बहुतांशी ब्राह्मण होता, आणि आगरकरांचा वाद मुख्यतः त्याच्याशीच होता. शेतकरी, त्याचे कर्ज, गावातली जात यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही असे नाही, पण तो त्यांच्या लेखणीचा मध्य नव्हता. तो मध्य ‘दीनबंधू’चा होता. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईहून चालवलेले हे पत्र त्याच काळात निघत होते. पुढे ज्या सातारा जिल्ह्यात सत्यशोधक विचार गावोगाव पोहोचला, तिथल्या श्रोत्यांपुढे आगरकरांबरोबर ‘दीनबंधू’चे नाव न घेणे मला अपुरे वाटेल. टेंभूत जन्मलेल्या संपादकाच्या लेखनात टेंभूसारखे गाव फार थोडे दिसते, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पत्राचा वाचक कोण हे ठरले की विषयांची निम्मी निवड आपोआप होते, त्याचे हे उदाहरण आहे.

शेवटची वर्षे लवकर सांगून टाकतो. प्राचार्य आपटे १८९२ मध्ये वारल्यावर फर्ग्युसनचे प्राचार्यपद आगरकरांकडे आले. कॉलेज, ‘सुधारक’ आणि जुना दमा ही तिन्ही ओझी एकाच शरीरावर होती. १७ जून १८९५ रोजी, एकोणचाळिसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आधीच, त्यांचे निधन झाले. ‘केसरी’त टिळकांनी मृत्युलेख लिहिला.

आता तिसरा प्रश्न, त्याचा उरलेला भाग. जिल्ह्याच्या पत्रातल्या माणसाला ‘सुधारक’ काढता येत नाही, हे मला माहीत आहे. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी हा आपल्या आवृत्तीचा मोठा आर्थिक आधार असतो, तिच्या जाहिराती गोळा करण्याचे काम बऱ्याच ठिकाणी बातमीदाराकडेच दिलेले असते आणि त्यावर त्याला कमिशन मिळते. ज्याच्याकडून सोमवारी जाहिरात आणायची त्याच्या कारखान्याच्या थकीत ऊसबिलाची बातमी मंगळवारी लिहायची, ही अडचण आगरकरांच्या अडचणीपेक्षा वेगळी दिसली तरी जात एकच आहे. जबाबदारी बातमीदाराची आणि अधिकार दुसऱ्याचा. यावर माझ्याकडे क्रांतिकारक उपाय नाही. जे करता येते ते असे. जाहिरात आणि बातमी यांची कामे दोन माणसांकडे असावीत असा आग्रह संपादकाकडे लेखी धरावा. तो मान्य झाला नाही तरी नोंद राहते. आपण लिहून पाठवलेली बातमी जशी पाठवली तशी, तारखेसह, आपल्याजवळ ठेवावी, म्हणजे छापून आलेल्या मजकुरात बदल झाला असेल तर तो कोणी केला हे दाखवता येते. जी बातमी आपल्याला पटत नाही तिच्यावर आपले नाव घालू देऊ नये. तालुका बातमीदाराला एवढा अधिकार बहुतेक संपादक देतात, फक्त कोणी मागत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. १८६७ च्या मुद्रणालय कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे, तरी अंकावर ज्यांची नावे छापलेली असतात त्यांना कोर्टात उत्तर द्यावे लागते ही गोष्ट कायम आहे, आणि बातमीवर नाव असलेल्या बातमीदारालाही पक्षकार केले जाते.

भाषणासाठी एक व्यावहारिक सूचना. अवतरणे देताना ‘केसरी’च्या १८८१ ते १८८७ या काळातला कोणताही अग्रलेख आगरकरांचा म्हणून वाचू नका, लेख निनावी असल्यामुळे त्यांतले कोणते कोणाचे यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. त्या काळातले जे निबंध त्यांनी स्वतः निवडून पुस्तकरूपाने काढले तेवढे निर्धास्तपणे घ्यावेत, आणि बाकी ‘सुधारक’मधून घ्यावे. तासाभराचा वेळ असेल तर ‘सुधारक काढण्याचा हेतू’ हा लेख थोडा वाचून दाखवा, मग तुरुंगाच्या पुस्तकातली दोन पाने, आणि सोवळ्यावरचा लेख विद्यार्थ्यांना घरी वाचायला द्या. विद्यार्थी प्रश्न विचारतील तो बहुधा टिळक बरोबर की आगरकर असाच असेल. त्या वेळी त्यांना उलट विचारा, की संमतिवयाच्या वादात त्या आठवड्याच्या ‘केसरी’चा संपादक तू असतास आणि सहापैकी चार सहकारी तुझ्या विरुद्ध असते, तर अग्रलेखाच्या जागी तू काय छापले असतेस.